पाटकऱ्याचा मजकूर, कंपनीचं कुलूप

कुलूप फोडलं, असा लेखी आरोप झालेला आहे. इंग्रजीत, जाड कागदावर, वकिलाच्या सहीनं. ते मी फोडलं हे खरं आहे. पश्चात्ताप झाला का, असं लोक विचारतात. झाला, पण फोडल्याचा नव्हे. तो कशाचा ते पुढे येईलच.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी दोन तमिळ टाइपरायटर होते. मग नव्वदच्या दशकात सगळीकडे संगणक आले तेव्हा मीही एक घेतला आणि पाटीवर 'डीटीपी' ही तीन अक्षरं वाढवली. कामं तीच राहिली: शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवळांच्या कुंभाभिषेकाची निमंत्रणं, कचेऱ्यांचे तक्ते. आमच्या मराठी घरांच्या लग्नपत्रिकाही तमिळमध्येच छापायच्या. वर फक्त 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' एवढी ओळ देवनागरीत असे, आणि ती वाचू शकणारे अख्ख्या वऱ्हाडात चार-पाच जण निघत. त्या ओळी जुळवता जुळवताच मी देवनागरी शिकले. त्यामुळे या लेखात काही जुनंपुराणं मराठी आलं असेल, तर संपादकांनी ते तसंच ठेवावं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तुम्ही 'क' दाबला की आत एक आकडा लिहिला जातो, आणि त्या आकड्याला कोणतं चित्र दाखवायचं ते फाँट ठरवतो. इंग्रजीचे आकडे साऱ्या जगात एकच होते. तमिळचे मात्र ज्या त्या कंपनीनं आपापले ठरवले होते. एकीच्या यंत्रावर टाइप केलेलं पत्र दुसरीच्या यंत्रावर उघडलं तर नुसती गिचमीड दिसे. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर काडेपेटीएवढा ठोकळा मिळे. तो संगणकाच्या पाठीमागे खोचायचा. त्याला 'लॉक' म्हणत. लॉक काढलं की प्रोग्रॅम बंद. मजकूर तुमचा, बोटं माझी, पण तो वाचायचा की नाही हे ठरवणार ती काडेपेटी. आम्हाला यात काही वावगं वाटत नसे. सगळ्यांचं तसंच होतं.

दुरैसामी सार (आमच्याकडे सरांना सारच म्हणतात) दर गुरुवारी येत. सरकारी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अंगात सदरा, खाली वेष्टी म्हणजे पांढरं धोतर आणि खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. तिरुवैयारुच्या पलीकडच्या गावांतून ते सायकलनं हिंडत आणि म्हाताऱ्या पाटकऱ्यांना, म्हणजे शेतांना पाणी सोडणाऱ्या माणसांना, बोलतं करत. कुठल्या कालव्याला कुठे मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, तिचं नाव काय, पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाळी. यातलं सरकारी नकाशात काही नव्हतं. सगळं त्या म्हाताऱ्यांच्या तोंडात होतं.

सार चिठ्ठ्या वाचत, मी टाइप करी. ओळ पडद्यावर तपासून झाली की चिठ्ठी फाडून टाकत.

"सार, ठेवा ना," मी एकदा म्हटलं.

"नको अम्मा. दोन प्रती राहिल्या की माणसं दोन सत्यं काढतात. तुमच्याकडे आहे ना? मग पुरे."

दोन वर्षं असं चाललं. पहिल्या भागाचे कागद छापून त्यांनी लाल शाईनं दुरुस्त केले. दुसरा भाग छापायच्या आधीच, लावणीच्या दिवसांत, सार गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका वादळात वीज पडली आणि माझ्या संगणकाबरोबर ते लॉकही जळालं.

कंपनीचा डीलर मोहन त्रिचीहून येई. मी नवा संगणक घेतला, त्याच्याकडून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली आणि सारांचा मजकूर जिच्यावर साठवला होता ती फ्लॉपी आत घातली. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली: ही फाइल उघडता येत नाही.

"जुनी आवृत्ती बंद झाली, अक्का," मोहन म्हणाला. "नव्यात जुनी फाइल उघडत नाही."

"मग जुनं लॉक द्या."

"ते आता बनत नाही. तुम्ही पुन्हा टाइप करा."

"कशावरून टाइप करू? माणूस गेलाय."

त्यानं खांदे उडवले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. पण मला राग आला तो त्याच्या सहजपणाचा. फ्लॉपी माझ्या हातात होती, तिच्यात दोन वर्षांचे गुरुवार होते, आणि ज्याला ते उघडता आलं असतं तो म्हणत होता, पुन्हा टाइप करा. मी फ्लॉप्या खोक्यात ठेवून दिल्या.

वर्षभरानं दुकानासमोर एक मोपेड थांबली. मुरुगय्या नावाचा शेतकरी होता, पाटाच्या अगदी शेपटाकडच्या गावचा. त्याला तमिळमध्ये 'कडैमडै' म्हणतात, म्हणजे सगळ्यांचं भिजून झाल्यावर ज्यांच्याकडे पाणी पोचतं ती शेतं. त्या साली कावेरीला पाणी बेताचंच होतं. वरच्या गावानं मोरीवर नवी लोखंडी झडप बसवली होती आणि खालच्यांची पाळी अशी कधी नव्हतीच, असं म्हणायला सुरुवात केली होती.

"महसूल अधिकाऱ्यांनी तीन आठवड्यांनी दोन्ही गावांना बोलावलंय," मुरुगय्या म्हणाला. "सारांनी आमच्या पाळीचं तुमच्याकडे लिहून ठेवलंय ना? त्यांनीच सांगितलं होतं."

मला आठवत होतं. कमी पाण्याच्या वर्षी पहिले तीन दिवस शेपटाला, असं वरच्याच गावच्या पाटकऱ्यानं सारांना सांगितलं होतं, आणि ते मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. पण मोरीची नावं, दिवस, त्याचे शब्द मला पाठ नव्हते. मी खोकं काढून दाखवलं.

"यात आहे. पण उघडत नाही."

त्यानं फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "का?"

या 'का'चं उत्तर त्या माणसाला मला देता आलं नाही. देता येईना याची लाज वाटली. त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी फातिमाकडे गेले.

फातिमा एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायची. तिचा प्रबंध मी टाइप केला होता, तेव्हाची ओळख. तिच्या प्रयोगशाळेतले निम्मे संगणक लिनक्सवर चालत. तिनं मला त्याची गोष्ट पूर्वी सांगितली होती: जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली प्रणाली, फुकट, आणि आतलं सगळं लिखाण उघडं. ते वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच, तुम्ही पुढे देताना त्याला कुलूप घालायचं नाही. मला तेव्हा ते साधुसंतांचं काहीतरी वाटलं होतं.

तिनं फ्लॉपी घातली आणि पडदाभर आकडे आले.

"मजकूर आहे, अक्का. हा कंपनीच्या आकड्यांत आहे, एवढंच. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर ते कळलं की झालं. तुमच्याकडे पहिल्या भागाचे छापलेले कागद आहेत ना?"

ते होते. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला आकडे. पुढचे दोन रविवार आम्ही जोड्या लावत बसलो. फातिमा हुशार बाई, पण तिचं जुळेना. अक्षरं मोजली की आकडे जास्त निघत. मधेच एखादी ओळ जुळे, पुढच्या ओळीत सगळं घसरे.

"यांनी मुद्दाम काहीतरी मिसळलंय," ती वैतागून म्हणाली.

मी ती ओळ पाहिली. मग डोळे मिटून माझी बोटं टेबलावर तीच ओळ टाइप करू लागली, आणि मला हसू आलं.

"मिस, तुम्ही वाचताय तसं मोजताय. टाइप करतात तसं मोजा."

मराठी वाचकाला हे चटकन कळेल. 'कि' म्हणताना क आधी, पण टाइपरायटरवर वेलांटी आधी दाबावी लागे. तमिळमध्ये तर एकाराचं चिन्ह अक्षराच्या आधी येतं, त्याला कोंबू म्हणतात. 'को' लिहायला कोंबू, मग क, मग काना, असे तीन ठोके. पाय मोडायचा ठिपकासुद्धा आधी दाबायचा आणि अक्षर नंतर. कंपनीनं टाइपरायटरवाल्या बाईची बोटं जशी चालतात तसेच आकडे लिहून ठेवले होते. त्यांचं गुपित म्हणजे माझ्या हातांची सवय होती!

त्यानंतर मी ठोके सांगत गेले आणि फातिमा लिहीत गेली. तक्ता तयार झाला. त्यावरून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पुढच्या रविवारी दुपारी पडद्यावर दुरैसामी सार बोलू लागले. एकेक मोरी, एकेक नाव. फातिमानं पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

बोलावणं होतं त्या दिवशी मुरुगय्यानं छापलेल्या पानांसकट मलाही नेलं. कचेरीत दोन्ही गावं दोन बाजूंना उभी होती. वरच्या गावाच्या बाकावर एक अगदी म्हातारा बसला होता. सारांना सांगणारा पाटकरी चिन्नप्पन तो हाच, हे मला मुरुगय्यानं कानात सांगितलं. तो आपल्या गावाच्या बाजूनं आला होता आणि खाली बघत होता.

वरच्या गावचा पुढारी म्हणाला, "हा कागद कालचा आहे. संगणकावर काहीही छापता येतं."

अधिकारी माझ्याकडे वळले. "खरंय. यावर कुणाची सही नाही."

"सही नाही, सार," मी म्हटलं. "पण ज्यांनी सांगितलं ते इथे बसलेत. त्यांना वाचून दाखवू द्या."

मी वाचलं. सारांनी पाटकऱ्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत ठेवले होते. मोरीचं नाव आलं, तीन दिवस आले. आणि मग असं होतं: 'माझ्या बापानं एका साली शेपटाचं पाणी दोन घटका आधी तोडलं. खालच्या गावची एक बाई बांधावर येऊन काही न बोलता बसून राहिली. बापानं पुन्हा मोरी उघडली आणि मला म्हणाला, आपण पाणी सोडणारे, पाणी देणारे नव्हे.'

अधिकारी बाकावरच्या म्हाताऱ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "पेरियवर, हे तुम्ही सांगितलं?"

पुढाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्यानं तो हात काढला.

"मीच सांगितलं," चिन्नप्पन म्हणाला. "बापाचं नाव घेऊन खोटं कसं बोलू?"

त्या वर्षी पहिले तीन दिवस झडप उघडी राहिली. गावांची नावं लिहीत नाही, कारण आता दोन्हीकडे सोयरिकी आहेत.

इथेच थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण फातिमा म्हणाली, "अक्का, असे अडकलेले किती जण असतील! आपला तक्ता आणि प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवू या. कुणीही न्यावा, फुकट, आतल्या लिखाणासकट. दोघींची नावं घालते."

मी घरी विचारलं. आमचे हे विमा कंपनीत होते, शांत माणूस. आमच्या तंजावरी मराठीत, जिच्यात 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतात, म्हणाले, "अस्कं नीट चालत अहे. तूं नांव घालूं नको. तुजं दुकान त्या डीलरावर अहे."

खरंच होतं. कचेऱ्यांची कामं त्याच कंपनीच्या फाँटमध्ये द्यावी लागत. मोहन रुसला तर दुकान बसलं असतं. मी फातिमाला म्हटलं, "तुमचं एकटीचंच घाला, मिस. प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय." तिनं एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि "बरं अक्का" म्हणाली. मला पश्चात्ताप आहे तो या वाक्याचा.

काही महिन्यांत देवळांच्या पुस्तिका, गावांचे इतिहास, कुणाच्या बापाच्या आठवणी असं काय काय लोक त्या प्रोग्रॅमनं उघडू लागले. आणि नोटीस आली. माझ्याकडे नव्हे, फातिमाच्या कॉलेजात. आमच्या उत्पादनाचं कुलूप फोडलं, प्रोग्रॅम तत्काळ काढा, सगळ्या प्रती द्या, लेखी माफी मागा. प्राचार्यांनी तिला माफीचं पत्र लिहायला दोन दिवस दिले.

हे मला फातिमानं नाही, मोहननं सांगितलं. नवीन कॅटलॉग द्यायला आला होता. "त्या बाईनं उगाच भानगड केली, अक्का. उद्या साडेदहाला कॉलेजात आमचे साहेब येताहेत. माफी लिहून देईल, संपेल."

"आणि तो तक्ता?" मी विचारलं.

"कुठून चोरला असेल, देव जाणे."

चोरला! माझी बोटं टेबलावर होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कॉलेजात गेले. प्राचार्यांच्या खोलीत कंपनीचे साहेब, मोहन आणि फातिमा होते. तिच्यापुढे कोरा कागद होता. मी आत गेले आणि उभ्यानंच बोलले.

"सार, तो तक्ता फातिमा मिसांचा नाही, माझा आहे. टाइपरायटरच्या हायर, म्हणजे वरच्या परीक्षेत मी पहिली आले होते, तेव्हापासूनचे हे ठोके आहेत. यांच्या कंपनीला कुणी दिले ते यांना विचारा."

साहेब हसले. "मॅडम, आमचा प्रोग्रॅम वापरायची तुम्हाला परवानगी होती, मालकी नव्हे. कुलूप आमचं आहे."

"कुलूप तुमचं. आत माझ्या गिऱ्हाईकाचं लिखाण होतं. पैसे भरून तुमची नवी आवृत्ती घेतली, तिनंही उघडलं नाही. किल्ली मागितली तेव्हा तुमच्या माणसानं सांगितलं, पुन्हा टाइप करा. गेलेल्या माणसाचं कसं टाइप करतात, ते दाखवा मला. दाखवलंत तर माफी मी लिहिते."

मोहन खिडकीबाहेर बघू लागला.

"आम्ही कोर्टात जाऊ," साहेब म्हणाले.

"जा. तिथेही मी हेच सांगेन. आणि तिथे सगळे ऐकतील."

फातिमानं पेनाचं टोपण लावलं. "सार, मी माफी लिहिणार नाही," ती प्राचार्यांना म्हणाली.

त्याच दुपारी मी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. तमिळमध्ये, टाइपरायटरवर, नाव आणि दुकानाच्या पत्त्यासकट. प्रोग्रॅम काढणार नाही, प्रती देणार नाही, माफी मागणार नाही, एवढंच. फातिमानं इंटरनेटवरच्या फाइलीत माझं नाव घातलं. मी म्हटलं, पत्ताही घाला.

हे फुकट झालं नाही. कंपनी कोर्टात गेली नाही, पण कॉलेजनं फातिमाची वर्षावर्षानं वाढणारी नेमणूक पुढे वाढवली नाही. तिला कोइम्बतूरला जावं लागलं, म्हाताऱ्या आईला घेऊन. मी तेव्हाच नाव घातलं असतं, तर नोटीस माझ्या दुकानात आली असती आणि तिची नोकरी कदाचित राहिली असती. तिनं हे मला कधी बोलून दाखवलं नाही. मोहननं येणं बंद केलं, कचेऱ्यांची कामं गेली. दोन वर्षं मी फक्त लग्नपत्रिका केल्या. आमचे हे एकदाच म्हणाले, "आतां काय करणार अहेस?" मी म्हटलं, "टाइप." ते हसले आणि त्यांनी कॉफी केली.

मग एकदा ईमेल पाहायला मी बसस्टँडजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेले, तर मलेशियातल्या एका छापखानेवाल्याचं पत्र आलेलं. कधी न पाहिलेला माणूस. लिहिलं होतं, 'अम्मा, तुमच्या तक्त्यात एक चूक आहे. तमिळमध्ये औकाराच्या चिन्हाचा शेवटचा भाग आणि ळ हे अक्षर दिसायला एकच. टाइपरायटरवर दोन्हींना एकच कळ, म्हणून तुम्ही दोन्हींना एकच धरलंत. संगणकाला फरक सांगावा लागतो. मी तीन ओळी लिहून दुरुस्त केलंय. बरोबर असेल तर घ्या.'

मी वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले. चूक माझीच होती. इतकी वर्षं माझ्या बोटांनी केलेली, आणि मला कधी दिसली नव्हती. कुलूप असतं तर त्यालाही दिसली नसती. मी फातिमाला कोइम्बतूरला फोन लावला आणि त्या तीन ओळी वाचून दाखवल्या. पलीकडे ती मोठ्यानं हसली.

"घाला, अक्का. आणि त्यांचं नावही घाला, आपल्या खाली."

त्यानंतर जाफन्याहून कुणी, मदुरैहून कुणी, टोरांटोहून कुणी असं एकेक नाव वाढत गेलं. आता तो प्रोग्रॅम दुसऱ्याच कुणा पोरांनी नव्यानं लिहून काढलाय. त्यात नावांची लांबलचक यादी आहे, आणि माझं नाव शोधायला मला चष्मा लावून बरंच खाली जावं लागतं.